प्रकल्प नोंदी: पतसंस्था, पिग्मी ॲप आणि शाळेच्या पानावरचे ट्रॅकर काढणे (बेळगाव, खानापूर, निपाणी)

व्याप्ती: बेळगावातल्या एका सौहार्द सहकारी पतसंस्थेचं संकेतस्थळ (शाखा खानापूर, निपाणी, संकेश्वर), तिच्या पिग्मी (रोजच्या छोट्या ठेवी) एजंटांच्या फोनमधलं ॲप आणि खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेचं प्रवेशाचं पान. संस्थांची नावं नोंदीत येणार नाहीत. ट्रॅकर म्हणजे पानावर कोण आलं, काय केलं हे बाहेरच्या कंपनीला कळवणारा कोड; फेसबुकचा (म्हणजे मेटा कंपनीचा) 'पिक्सेल' हा त्यातलाच एक. कुकी म्हणजे माणूस पुन्हा ओळखता यावा म्हणून ब्राउझरात ठेवलेली छोटी नोंद; ती दुसऱ्याच डोमेनची असली की 'थर्ड पार्टी'. क्रम ठरलेला आहे: वापरात नाही ते काढायचं, वापरात आहे त्याला पर्याय बघायचा, आणि एवढं करून जे उरेल त्याचीच संमती मागायची. बहुतेक ठिकाणी हे उलटं होतं. आधी 'कुकी स्वीकारा'ची पट्टी लागते आणि तिच्या आड सगळं पूर्वीसारखंच चालू राहतं.

५ जानेवारी २०२६

पतसंस्थेच्या मुखपृष्ठाची पहिली तपासणी. पद्धत: क्रोममध्ये नवी इन्कॉग्निटो विंडो, त्यातली थर्ड पार्टी कुकी अडवण्याची खूण काढलेली, एफ१२ (पानाचं तांत्रिक दालन), त्यात नेटवर्क टॅब (पानाने केलेल्या विनंत्यांची यादी), 'प्रिझर्व्ह लॉग' आणि 'डिसेबल कॅश' या दोन्हींवर टिक, आणि मगच पत्ता टाकायचा. पत्ता आधी टाकून नंतर एफ१२ दाबलं तर सुरुवातीच्या विनंत्या हाती लागत नाहीत, आणि पिक्सेल नेमका त्यांतच असतो. फायरफॉक्सच्या प्रायव्हेट विंडोत ही तपासणी करू नये. तिथे ट्रॅकर आपोआप अडवले जातात, त्यामुळे पान स्वच्छ दिसतं आणि 'आमच्याकडे काही नाही' असा अहवाल जातो.

'डोमेन' स्तंभावर क्रम लावला. संस्थेचं स्वतःचं डोमेन सोडून दिसलेली: कनेक्ट डॉट फेसबुक डॉट नेट (पिक्सेलची स्क्रिप्ट), फेसबुक डॉट कॉम/टीआर (पिक्सेलचा निरोप), गूगलचे टॅग मॅनेजर (बाहेरचे कोड पानावर आणणारं साधन), ॲनालिटिक्स (भेटींची मोजणी), डबलक्लिक (जाहिराती), फॉन्ट्स, मॅप्स, रीकॅप्चा (फॉर्म भरणारा माणूस की यंत्र हे तपासणारा), आणि वार्षिक सभेच्या व्हिडिओमुळे यूट्यूब.

'टीआर'ची विनंती दोनदा जाते, आणि दोन्हींतला 'आयडी' वेगळा. एक पिक्सेल संस्थेच्या जाहिरात खात्याचा. दुसरा पूर्वी जाहिराती बघणाऱ्या कंत्राटदाराच्या खात्याचा. कंत्राट संपलं, पिक्सेल तसाच राहिला. म्हणजे संस्थेच्या पानावर कोण आलं हे आजही त्या खात्याला कळतं, आणि तिथे काय जमलंय हे संस्थेला बघताही येत नाही. ही गोष्ट गावोगाव सापडेल. जाहिरातवाला बदलला की त्याचा कोडही काढायचा असतो, हे हस्तांतराच्या यादीत कुणीच लिहीत नाही.

एका विनंतीत काय काय जातं: 'आयडी' (पिक्सेल क्रमांक), 'ईव्ही' (घटना, उदा. पेजव्ह्यू), 'डीएल' (पानाचा पूर्ण पत्ता), 'आरएल' (आधीचं पान), पडद्याची रुंदी-उंची, वेळ आणि 'एफबीपी'. एफबीपी ही कुकी ९० दिवसांची, आणि ती संस्थेच्याच डोमेनवर ठेवली जाते. म्हणून थर्ड पार्टी कुकी बंद केलेल्या ब्राउझरातही ती तग धरते. त्याच ब्राउझरात फेसबुक उघडं असेल आणि थर्ड पार्टी कुकी चालू असतील तर फेसबुकची स्वतःची कुकीही सोबत जाते, आणि मग ओळख पटवायला आणखी काही लागत नाही. फेसबुकवर खातंच नसलेल्या माणसाचीही विनंती जातेच.

पानावरच्या 'सोनेतारण कर्ज – चौकशी' या बटणावर क्लिक केल्यावर तिसरी घटना गेली: 'सबस्क्राइब्ड बटन क्लिक'. ही कुणी मुद्दाम लावलेली नाही, पिक्सेल ती आपसूक पाठवतो. तिच्या तपशिलात बटणावरची अक्षरंही होती. दागिने गहाण ठेवायला निघालेल्या माणसाची गरज, पानावर अजून नावसुद्धा न टाकता, बाहेर गेली.

८ जानेवारी

चौकशीचा फॉर्म. यात नाव, मोबाइल, शाखा आणि कर्जाचा प्रकार भरायचा असतो. 'सबमिट' केल्यावर आभाराचं पान येतं, आणि त्याच्या पत्त्यातच प्रश्नचिन्हानंतर भरलेली सगळी माहिती दिसते. कारण फॉर्मची पद्धत 'गेट' आहे, म्हणजे भरलेलं सगळं पत्त्यातून जातं. पिक्सेलचा 'डीएल' पूर्ण पत्ता उचलतो, त्यामुळे मोबाइल क्रमांक आणि 'सोनेतारण' हा प्रकार उघड्या अक्षरांत फेसबुकच्या सर्व्हरकडे जातो. ॲनालिटिक्सकडेही जातो. आणि होस्टिंगच्या ॲक्सेस लॉगमध्येही (सर्व्हरवरच्या भेटींच्या नोंदवहीत) नोंदला जातो, हे तिसरं ठिकाण हमखास विसरलं जातं.

मेटाच्या व्यवसाय साधनांच्या अटी याबाबत स्पष्ट आहेत: आर्थिक, आरोग्यविषयक आणि १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती साइटच्या मालकाने पाठवू नये. म्हणजे गेली तर अट मोडली पतसंस्थेने, मेटा नामानिराळी.

दुरुस्ती:
– फॉर्म 'पोस्ट'वर (भरलेलं पत्त्यात येत नाही). आभाराच्या पानाच्या पत्त्यात काहीही नको.
– 'रेफरर पॉलिसी' हेडर (दुसऱ्या साइटला आपल्या पानाचा पत्ता किती सांगायचा याची सूचना) 'स्ट्रिक्ट ओरिजिन व्हेन क्रॉस ओरिजिन'. नवे ब्राउझर मूळ तेच धरतात, पण इथे थीमने 'अनसेफ यूआरएल' लिहून ठेवलं होतं.
– जुन्या लॉगमधले मोबाइल क्रमांक झाकले, लॉग पुसले नाहीत. सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, आणि डेटा संरक्षणाच्या नव्या नियमांत ही मुदत एक वर्ष आहे. लॉग ठेवायचे, त्यात माणसं ठेवायची नाहीत.

तपासणीत फॉर्म नेहमी खोट्या नावाने आणि बनावट क्रमांकाने भरावा. नेटवर्क टॅबमधून साठवलेल्या एचएआर फाइलमध्ये भरलेलं सगळं असू शकतं, आणि ती फाइल पुढे व्हॉट्सॲपवर फिरते.

१३ जानेवारी

पिक्सेलच्या सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिक ॲडव्हान्स्ड मॅचिंग' चालू होतं. यात पिक्सेल फॉर्ममधले ईमेल, फोन, नाव हे रकाने स्वतः ओळखतो, त्यांचा एसएचए-२५६ हॅश (ठरावीक सूत्राने काढलेला सांकेतिक ठसा) करतो आणि तो पाठवतो. फॉर्म 'पोस्ट'वर नेला तरी हे थांबत नाही, म्हणून ही नोंद वेगळी.

व्यवस्थापकांचा प्रश्न रास्त होता: हॅश केल्यावर नंबर कुठे राहिला? दोन उत्तरं आहेत. पहिलं, मेटाला हॅश उलटवायची गरजच नाही. तिच्याकडे खातेदारांचे नंबर आहेतच, त्यांचेही हॅश करायचे आणि जुळवायचे. जुळवणं हाच तर हेतू आहे. दुसरं, भारतीय मोबाइल क्रमांक दहा अंकी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा. एकूण शक्यता ४०० कोटी. गेम खेळायच्या साध्या ग्राफिक्स कार्डाला एवढे हॅश काढायला मिनिटसुद्धा लागत नाही. तेव्हा फोन नंबरचा हॅश म्हणजे फोन नंबरच, असं समजून चालायचं.

१९ जानेवारी

कायद्याची बाजू, संचालक मंडळापुढे ठेवण्यासाठी.

खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. याचिका करणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. त्यानंतर डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, तेही टप्प्याटप्प्याने: डेटा संरक्षण मंडळाची तरतूद लगेच, संमती व्यवस्थापकांची (लोकांच्या वतीने संमती सांभाळणाऱ्या मध्यस्थांची) नोंदणी एक वर्षाने, आणि सूचना, संमती, सुरक्षा, मुलांविषयीची बंधनं अशा मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. तोपर्यंत मोकळं रान नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-अ आणि २०११ चे नियम तोवर लागू आहेत, आणि त्यांत बँक खात्यासारखी आर्थिक माहिती 'संवेदनशील' गटात मोडते.

कायदा केंद्राचा आहे. चंदगड, गडहिंग्लज, कागलकडचे ठेवीदार आणि इकडचे ठेवीदार यांच्यात त्याला फरक नाही. सौहार्द संस्थेची नोंदणी कर्नाटकच्या १९९७ च्या कायद्याखाली आहे, याचाही इथे संबंध येत नाही.

संचालक मंडळाला पटायला सगळ्यात जड गेलेला मुद्दा जबाबदारीचा. 'डेटा फेसबुक घेतं, आमचा काय संबंध?' संबंध असा की माहिती कशासाठी आणि कोणत्या मार्गाने घ्यायची हे जो ठरवतो तो 'डेटा फिड्युशियरी', आणि पिक्सेल पानावर बसवायचा निर्णय संस्थेचा. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये फॅशन आयडी या कपड्यांच्या दुकानाच्या प्रकरणात हेच म्हटलं: फेसबुकचं 'लाइक' बटण पानावर लावणारा दुकानदार, माहिती गोळा करून पाठवण्यापुरता, फेसबुकसोबत जबाबदार आहे. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण युक्तिवाद ध्यानात ठेवण्याजोगा.

चौकशीचा फॉर्म मात्र कायद्यात बसतो. माणूस स्वतःहून नंबर देतो, 'मला फोन करा' म्हणून. डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ७ ला तेवढं पुरतं. त्याच नंबरचा हॅश जाहिरातीच्या जुळवणीसाठी पाठवणं हा निराळा हेतू, त्याला वेगळी संमती हवी.

दंडाच्या आकड्यांचा बाऊ करू नये. सुरक्षेची व्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, मुलांविषयीच्या बंधनांना २०० कोटींपर्यंत, या कमाल मर्यादा आहेत. रक्कम ठरवताना चुकीचं गांभीर्य, कालावधी, पुन्हा पुन्हा घडली का, सुधारणा केली का हे बघितलं जाईल, असं कायद्यातच आहे. पण 'लहान संस्था म्हणून सूट' अशी सरसकट तरतूद नाही.

२३ जानेवारी

प्रत्यक्ष काढणी. साइट वर्डप्रेसवर. पिक्सेल चार ठिकाणी असू शकतो आणि चारही बघावी लागतात:

१. पिक्सेलचं प्लगिन. डीॲक्टिव्हेट नव्हे, डिलीट.
२. थीमची 'हेडर' फाइल. जुन्या कंत्राटदाराचा कोड इथे हाताने चिकटवलेला होता.
३. टॅग मॅनेजरचा कंटेनर. पानाच्या सोर्समध्ये 'एफबीक्यू' (पिक्सेलच्या कोडमधला शब्द) शोधून इथला पिक्सेल सापडत नाही, तो नंतर बाहेरून ओढला जातो. नेटवर्क टॅबच खरा.
४. 'नोस्क्रिप्ट'मधलं एक बाय एक पिक्सेलचं चित्र. जावास्क्रिप्ट बंद असणाऱ्यांसाठी ते असतं. स्क्रिप्ट काढली आणि हे राहिलं, असं फार वेळा होतं.

काढल्यावरही विनंती जात राहिली. कारण कॅश (पानाची आधीच साठवलेली प्रत): प्लगिनचा एक, होस्टिंगचा दुसरा. आधी प्लगिनचा रिकामा करायचा, मग होस्टिंगच्या पॅनलमधला. क्रम उलटा झाला तर होस्टिंग जुनंच पान पुन्हा साठवून ठेवतं.

यापुढचा मुद्दा एफ१२ मध्ये दिसतच नाही. 'कन्व्हर्जन्स एपीआय' हा मार्ग ब्राउझरातून जात नाही. संस्थेचा सर्व्हर थेट मेटाच्या सर्व्हरला घटना कळवतो. पिक्सेलच्या प्लगिनमध्ये 'ॲक्सेस टोकन'चा (मेटाकडे शिरायच्या किल्लीचा) रकाना भरलेला असेल तर हा मार्ग चालू आहे असं धरावं. इथे भरलेला होता. टोकन मेटाच्या बिझनेस मॅनेजरमधून रद्द केलं, आणि ग्राफ डॉट फेसबुक डॉट कॉमकडे सर्व्हरवरून जाणारी वाट फायरवॉलमध्ये बंद केली.

फेसबुक पानाची चौकट मुखपृष्ठावर होती. तिच्या जागी साधा दुवा. 'शेअर' बटणंही साधे दुवे केले. व्हॉट्सॲपवर पाठवायला कुठलीही स्क्रिप्ट लागत नाही.

२ फेब्रुवारी

पिक्सेलइतके उग्र नसलेले, पण पान उघडताच बाहेर आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) कळवणारे घटक.

फॉन्ट: मुक्त आणि नोटो सॅन्स कन्नड दोन्ही खुल्या परवान्याचे, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतात. आकार कमी करायला उपसंच (फक्त लागणारी अक्षरं) काढताना मात्र सांभाळा. हिंदीची अक्षरयादी वापरली तर 'ळ', 'ऱ' आणि 'ॲ' गळतात. 'दुसऱ्या शाखेचा पत्ता' असं लिहिलं की मधलंच एक अक्षर वेगळ्या वळणाचं येतं. देवनागरीचा पूर्ण पट्टा (०९०० ते ०९७एफ) घ्यावा, वर झेडडब्ल्यूजे, झेडडब्ल्यूएनजे (अक्षरं जोडणारी-तोडणारी अदृश्य चिन्हं) आणि रुपयाचं चिन्ह.

यूट्यूब: 'नोकुकी' डोमेन वापरलं तरी चौकट गूगलशी बोलतेच, फक्त कमी बोलते. त्याऐवजी व्हिडिओचं चित्र स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलं, त्याच्यावर क्लिक केल्यावरच चौकट उघडते.

नकाशा: ओपनस्ट्रीटमॅपचं स्थिर चित्र, खाली श्रेयाची ओळ (ती परवान्याची अट आहे), आणि ज्याला हवं त्याला नकाशा ॲपचा दुवा. खडेबाजारातल्या शाखेला वळण कुठलं घ्यायचं हे दोन वाक्यांत लिहिलं, ते नकाशापेक्षा कामी येतं.

रीकॅप्चा: काढला. त्याच्या जागी फसवा रकाना: माणसाला तो दिसत नाही, बॉट (आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम) तो भरतात आणि पकडले जातात. तो 'हिडन' प्रकारचा नको, बॉट तसा सोडून देतात. सीएसएसने (पानाच्या मांडणीच्या नियमांनी) झाकलेला साधा रकाना हवा, आणि त्याचं 'ऑटोकम्प्लीट' बंद, नाहीतर ब्राउझर तो आपोआप भरतो आणि खरा ग्राहकच बाद होतो. एका आयपीवरून किती फॉर्म यावेत याची मर्यादा सैल ठेवली, कारण मोबाइल कंपन्यांच्या एका आयपीमागे शेकडो ग्राहक असतात. मर्यादा कडक केली की बाजाराच्या दिवशी निपाणीचे फॉर्म अडकायला लागतात.

९ फेब्रुवारी

'कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी' हेडर, म्हणजे पानावर कुठल्या डोमेनची स्क्रिप्ट चालू द्यायची याची यादी. उद्देश एकच: उद्या कुणी थीम बदलली, नवं प्लगिन घातलं, तरी बाहेरची स्क्रिप्ट चालू नये. आधी 'रिपोर्ट ओन्ली' प्रकारात लावावा आणि काय अडलं असतं ते बघावं. इथे मराठी-कन्नड बदलणारी बटणं अडली असती, त्यांची स्क्रिप्ट पानातच लिहिलेली आहे. ती वेगळ्या फाइलमध्ये हलवली. 'अनसेफ इनलाइन' (पानात लिहिलेली कुठलीही स्क्रिप्ट चालू द्या) लिहून वेळ मारून नेता येते, पण मग हेडरला अर्थ उरत नाही. टॅग मॅनेजरचं डोमेन यादीत घातलं तरी तेच. तो सगळ्यांना आत घेणारा दरवान आहे.

१६ फेब्रुवारी

पिग्मी ॲप. एजंट रोज संध्याकाळी बाजारपेठेत, शहापूर-वडगावच्या यंत्रमागांवर, हातगाड्यांवर फिरून रक्कम गोळा करतात, ॲपमध्ये नोंद करतात आणि खिशातल्या ब्लूटूथ प्रिंटरवर पावती काढतात. ठेवीदाराचं नाव, नंबर, रोजची कमाई किती याचा अंदाज, सगळं या फोनमध्ये.

तपासणी दोन बाजूंनी. एक, ॲपची एपीके (इन्स्टॉल करायची) फाइल अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके ॲनालायझरमध्ये उघडून पॅकेजची नावं बघायची. फेसबुकचं एसडीके (ॲपमध्ये घालायचा तयार कोड) सापडलं. ॲपमध्ये फेसबुकने लॉगिन करायची सोय कुठेच नाही; ज्या तयार साच्यावर ॲप बांधलं त्यात ते होतं, म्हणून आलं. दोन, फोनवर पीसीएपीड्रॉइड हे ॲप लावून जोडण्या बघायच्या, त्याला रूट लागत नाही. ॲप उघडताच ग्राफ डॉट फेसबुक डॉट कॉमला जोडणी. एसडीके काही न सांगता ॲपचं इन्स्टॉल होणं आणि उघडलं जाणं कळवतं, सोबत फोनचा जाहिरात आयडी. मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या परवानग्या, सेटिंग लिहिलेली फाइल) 'ऑटो लॉग ॲप इव्हेंट्स' बंद करता येतं, पण न लागणारी वस्तू बंद करून ठेवण्यात काय अर्थ? ग्रेडलमधून (ॲप बांधताना काय काय घालायचं याची यादी) ओळच काढायला सांगितली. जाहिरात आयडीची परवानगीही मॅनिफेस्टमधून 'रिमूव्ह' करावी लागते, नाहीतर दुसरी एखादी लायब्ररी ती परत आणते. नवी आवृत्ती आल्यावर प्ले स्टोअरवरचा 'डेटा सेफ्टी' फॉर्म बदलायचा.

परवानग्या: संपर्क, एसएमएस, लोकेशन. पहिल्या दोन विनाकारण, काढल्या. लोकेशनचं प्रकरण वेगळं. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथ प्रिंटर शोधायलाच लोकेशनची परवानगी लागते. ती नाकारली की प्रिंटर दिसत नाही, आणि एजंट ॲपला शिव्या देतात. अँड्रॉइड १२ पासून 'जवळची उपकरणं' ही स्वतंत्र परवानगी आहे, आणि 'लोकेशनसाठी नाही' अशी खूणही करता येते. म्हणून लोकेशन फक्त जुन्या फोनांसाठी, मॅनिफेस्टमध्ये 'मॅक्स एसडीके ३०' घालून.

'इन्कॉग्निटोमध्ये उघडलं तर?' हा प्रश्न हमखास येतो. जून २०२५ मध्ये आयएमडीईए नेटवर्क्स, रॅडबाउड आणि केयू ल्यूव्हन इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की अँड्रॉइडवर ब्राउझरातला मेटा पिक्सेल एफबीपी कुकी फोनमधल्याच फेसबुक व इन्स्टाग्राम ॲपला देत होता. ॲप फोनच्या अंतर्गत पोर्टवर (फोनमधल्या ॲपांच्या आपसातल्या वाटेवर) ऐकत बसायचं. त्यामुळे इन्कॉग्निटो असो की कुकी पुसलेल्या असोत, ॲपमधल्या खात्याशी गाठ पडायची. बातमी फुटताच मेटाने ते थांबवलं. कोड पानावरच नसेल तर असली कुठलीच वाट उरत नाही.

२४ फेब्रुवारी

शाळा. प्रवेशाच्या जाहिराती चालवणाऱ्याने प्रवेशाच्या पानावर पिक्सेल लावलेला. फॉर्ममध्ये मुलाचं नाव, जन्मतारीख, इयत्ता, पालकांचा नंबर. डेटा संरक्षण कायद्याचं कलम ९ सरळ आहे: १८ वर्षांखालच्यांचा माग काढणं, वर्तनावर नजर ठेवणं आणि त्यांना उद्देशून जाहिरात करणं मना, त्याला पालकांची संमतीही चालत नाही. नियमांच्या चौथ्या अनुसूचीत शाळांना सूट आहे, पण ती शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती. प्रवेशाची जाहिरात कुणाला दाखवायची यासाठीचा पिक्सेल त्यात येत नाही. मे २०२७ ची वाट बघायचं कारण नव्हतं, तिथल्या तिथे काढला. स्नेहसंमेलनाचे फोटो फेसबुकच्या चौकटीतून दाखवले जात होते, ते स्वतःच्या सर्व्हरवर आणले. आणताना फाइलमधलं जागेचं आणि फोनचं टिपण काढून टाकलं.

६ मार्च

सूचना आणि संमती. वर एवढं काढल्यामुळे पतसंस्थेकडे संमती मागण्याजोगी एकच गोष्ट राहिली: नव्या योजनांचे संदेश. सूचना अर्ध्या पानात बसली. मसुदा:

'तुमचं नाव आणि मोबाइल नंबर आम्ही ठेव व कर्ज योजनांची माहिती एसएमएसने कळवण्यासाठी ठेवू. दुसऱ्या कुणालाही देणार नाही. नको असेल तर याच पानावर खाली "बंद करा" दाबा, किंवा कोणत्याही शाखेत सांगा. तक्रार आमच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करा. समाधान झालं नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे करता येईल.'

सूचना इतर अटी-शर्तींत मिसळायची नाही, ती स्वतंत्रपणे वाचून समजली पाहिजे. ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत बघण्याची सोय ग्राहकाला द्यावी लागते. इथे मराठी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी लगेच, बाकीच्यांची मागणी आली तर पाठ तयार करून द्यायचा. सीमाभागात एक साधा अर्ज मराठीत मिळावा म्हणून माणसांनी किती खेटे घातलेत हे इथल्या कुणाला सांगायला नको. हा कायदा ती सोय ग्राहकाच्या बाजूने मांडतो, तेव्हा ती वापरावी.

इथे चुकतं कुठे: वरचं भाषेचं बटण पान बदलतं, पण संमतीची चौकट दुसऱ्या प्लगिनची असल्यामुळे इंग्रजीतच राहते. आणि मराठी मजकूर सुधारला की कन्नड तसाच जुना राहतो. म्हणून प्रत्येक पाठाला आवृत्ती क्रमांक, आणि संमतीच्या नोंदीत तारीख-वेळ, आवृत्ती, भाषा, हेतू. संमती घेतली होती हे सिद्ध करायची जबाबदारी संस्थेची आहे. आयपी पत्ता त्यात साठवलेला नाही, गरज नाही.

बंद करणं सुरू करण्याइतकं सोपं हवं. ऑनलाइन टिक करून घ्यायची आणि बंद करायला लेखी अर्ज मागायचा, हे चालणार नाही. मात्र संदेश बंद केले म्हणून कर्जाचं खातं किंवा केवायसी पुसली जात नाही. दुसऱ्या कायद्याने ठेवावी लागणारी माहिती ठेवायचीच. हे काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना नीट समजावलं, कारण वाद तिथेच होतो.

१७ मार्च

पाडव्याची ठेव योजना. पिक्सेलशिवाय जाहिरात कशी मोजायची? फलकावर, पत्रकावर आणि फेसबुकवरच्या जाहिरातीत वेगवेगळे दुवे: प्रत्येकाच्या शेवटी माध्यमाचा एक शब्द, माणसाचं काही नाही. सर्व्हर लॉगमधून कुठल्या दुव्यावरून किती आले ते कळतं. काउंटरवर 'कुठून कळलं?' हा रकाना पावतीच्या फॉर्ममध्ये. मराठी एसएमएस ७० अक्षरांचा धरून लिहावा. त्यापुढे गेला की दोन संदेशांचे पैसे पडतात.

जाहिरात खात्यात सभासदांच्या नंबरांची यादी 'कस्टम ऑडियन्स' (जाहिरात दाखवायची ठरावीक माणसं) म्हणून चढवलेली निघाली, आणि तिच्यावरून बनवलेली 'लुकअलाइक' (तशाच इतर माणसांची) यादीही. दोन्ही डिलीट केल्या. जुन्या कंत्राटदाराला त्याच्या खात्यातली यादी काढल्याचं लेखी कळवायला सांगितलं आहे, उत्तर यायचंय.

सभासदांसाठी सूचना फलकावर लावलेला क्रम: फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर, 'तुमची माहिती आणि परवानग्या', तिथे 'मेटाबाहेरील तुमची ॲक्टिव्हिटी', मग मागचं साफ करा आणि पुढचं बंद करा. साफ केल्याने माहिती खात्यापासून तोडली जाते. मेटाकडून ती नाहीशी होते असं समजू नये. अँड्रॉइड १२ पासूनच्या फोनवर सेटिंग्ज, गूगल, 'जाहिराती', 'जाहिरात आयडी हटवा'.

राहिलेलं काम: शाखांचे ठेवीदारांचे व्हॉट्सॲप ग्रुप. ग्रुपमध्ये प्रत्येकाला सगळ्यांचे नंबर दिसतात. ब्रॉडकास्ट यादीत ते दिसत नाहीत, पण एका यादीत २५६ च माणसं मावतात, आणि ज्यांनी शाखेचा नंबर फोनमध्ये साठवला असेल त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून आधी पासबुकाच्या मागे शाखेचा नंबर छापायचा, ग्रुप नंतर बंद करायचे. वर्षअखेरीची गडबड ३१ मार्चला संपेल, छपाई त्यानंतर.